रुमालाखालचा भाव

बिरू काळेलच्या उजव्या हाताला चिलारवाडीच्या गुरांच्या बाजारात मान होता. बिरूला नव्हता असं नाही, पण तो हाताच्या मागून आलेला. हात गेल्यावर गाव भेटायला आलं, तेव्हा निम्मे लोक हातासाठी हळहळले आणि उरलेले चहा पिऊन गेले.

हात गेला तो कडबा कापायच्या यंत्रात. यंत्र नवं होतं. उन्हावर चालणारं, माणसाचं बोट जवळ आलं की आपोआप थांबणारं. ते थांबलंही, फक्त कोपराला चार बोटं उरल्यावर थांबलं.

तोवर जनावरांच्या कानात चिप आली होती. वय, वेत, दूध, लशी, बापाचं नाव, सगळं फोनवर दिसायचं. तरी सौदा व्हायचा तो रुमालाखालीच. चिप सगळ्यांना सगळं सांगते, रुमाल दोघांनाच सांगतो, आणि धंदा दोघांत होतो. दोन दलाल समोरासमोर उभे राहत, उजवा हात उजव्यात देत आणि वर रुमाल टाकत. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन. पंजा दाबला तर पाच, पंजा दाबून वर चार बोटं दाबली तर नऊ. पुढची शून्यं जनावराकडं बघून ज्याची त्यानं समजायची. आणि नुसता पंजा धरून ठेवला, दाबलाच नाही, तर धनी जनावर विकायला तयार नाही, उगाच बाजार बघायला आलाय. तोंडानं आकडा काढायचा नाही. रुमालाखाली आहे तोवर भाव हलतो. तोंडातून पडला की पडला. आणि डाव्या हाताचा सौदा कुणी सौदा मानत नसे.

बिरूकडं आता डावाच उरला होता.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेला नव्या जातीचा हात लावून बघायला माणसं हवी होती. बिरू गेला. बरोबर बायको वैजंता होती. ती कराडकडच्या दलालाची लेक. नवऱ्याला एकट्याला कुठल्याही सौद्याला पाठवू नये हे तिला माहेरीच कळलं होतं. तिथल्या डॉक्टर सबनीस तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी एक काचेची टाकी दाखवली. टाकीत दगडाच्या कपारीत काहीतरी मऊ, तपकिरी पसरलं होतं.

"काका, ऑक्टोपस पाहिलाय कधी?"

"आमच्या माण तालुक्यात पाणीच कुटं हाय डॉक्टरीनबाई, त्यातलं जनावर कुठनं बघणार."

डॉक्टर हसल्या आणि सांगू लागल्या. आपली अक्कल बहुतेक सगळी डोक्यात असते. या प्राण्याची तशी नाही. त्याच्या मज्जापेशींतल्या तीन वाट्यांपैकी एकच वाटा डोक्याकडं. बाकीचे दोन आठ हातांत वाटलेले. मेंदू फक्त म्हणतो, तिकडं खेकडा आहे. कसं जायचं, कुठं वाकायचं, कुठल्या फटीत शिरायचं, हे हात आपलं आपण ठरवतो. हातावरच्या प्रत्येक चोषकाला, त्या चिकटणाऱ्या गोल तोंडाला, चव कळते. म्हणजे तो ज्याला शिवतो त्याला चाखतोसुद्धा. एक हात दुसऱ्याशी परस्पर बोलतो, मेंदूला विचारतोच असं नाही. हात तुटून पडला तरी तो काही वेळ चिमटा काढला की आखडतो, आयुष्यभराच्या सवयी चालू ठेवतो.

"म्हंजी मालक गादीवर आन् धंदा गडी करत्यात," बिरू म्हणाला.

"अगदी तसंच."

"मग आमच्या घरात ऑक्टोपसच हाय की," वैजंता म्हणाली.

आधीचे कृत्रिम हात मेंदूकडून हुकूम घेत. एक पेला उचलायचा तर बोटाबोटाला हुकूम, आणि संध्याकाळपर्यंत माणूस दमून जायचा. म्हणून या लोकांनी हातातच अक्कल भरली. कोपरापासून बोटांपर्यंत प्रयोगशाळेत वाढवलेल्या मज्जापेशींचे मणी ओवले, माळेसारखे. बोटांच्या टोकांना चवीचे ठिपके बसवले. बिरूच्या डोक्याकडून जाणार फक्त इच्छा, आणि डोक्याकडं येणार फक्त सारांश. शिकवणीसाठी कोपराच्या आतल्या बाजूला एक मऊ फुगवटा होता. हातानं नीट काम केलं की तो दाबायचा. मण्यांना साखरेच्या पाण्याचा एक थेंब मिळायचा.

"बैलाला गुळाचा खडा," बिरूला लगेच कळलं.

"हो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीला हे कच्चं मडकं असतं. घरातली कामं शिकवा. पेला धरणं, भाकरी मोडणं, काकूंच्या हातातून ताट घेणं. माणसांत वावरू द्या त्याला. आणि खोटी शाबासकी कधी देऊ नका. त्याला खरं-खोटं कळत नाही. गोड तेवढं कळतं."

बिरूनं मान डोलावली. मान डोलावण्यात दलालाचा हात कोण धरणार.

गावी आल्यावर तो पेल्याकडं गेला नाही, भाकरीकडं गेला नाही. सरळ इलाही मुलाण्याच्या गोठ्यात गेला. इलाही त्याचा जोडीदार आणि बाजारातला पहिला वैरी. तीस वर्षं दोघांनी एकमेकांना फसवलं होतं आणि त्यातून पक्की दोस्ती झाली होती. गोठ्यात शिकवणी सुरू झाली. हात जनावराच्या नाकाडावर ठेवायचा, मानेखालच्या लोंबत्या पोळीवर ठेवायचा, कासेवर ठेवायचा. मग इलाहीच्या पंज्यात देऊन वर रुमाल टाकायचा. बोटांनी बरोबर भाव दाबला की गोडाचा थेंब. चुकला की काही नाही.

"अण्णा, ह्याला पेला धराया शिकवायला सांगितलंय न्हवं?" इलाहीनं विचारलं.

"पेला डाव्यानं धरता येतो. भाव येतो का?"

हात झपाट्यानं शिकला. दसऱ्यापर्यंत तो बाजारात उतरला. पहिल्या काही बाजारांत लोक हात बघायला जमले, पुढच्यांत बिरूकडून जनावर घ्यायला. एकदाच बिरूनं हाताचं ऐकलं नाही. एक गाय होती, दिसायला तुकतुकीत, चिप म्हणत होती सगळं ठीक. हातानं तिचं ओलं नाक चाखलं आणि इलाहीच्या पंज्यात तीनच बोटं दाबली. बिरू ओशाळला, रुमाल झटकून पुन्हा हात दिला आणि डोक्यानं जोर करून सात दाबायला लावली. घेणाऱ्यानं सातला गाय नेली. पुढच्या बाजाराआधी गाय मेली. पोटात गळू होतं, बाहेरून कुणाला दिसलं नसतं.

तेव्हापासून बिरू हाताच्या शब्दावर शब्द काढेनासा झाला. तो कसला रोग हे सांगत नव्हता, कारण सांगत नव्हता. त्याच्याकडं फक्त भाव होता, आणि तो बरोबर असायचा.

घरी या हाताची एक सेवा असायची. कोपराजवळ कातडं आणि यंत्र जिथं जुळलं होतं तिथं रोज दुपारी खोबरेल तेल चोळायचं. ते वैजंता करायची. तेल चोळताना तिचा डावा तळवा यंत्राच्या पंज्यात आधाराला असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बिरूनं बायकोचा हात असा हातात धरलेला सप्तपदीनंतर हाच. गावाकडं हात धरायला कारण लागतं. ते डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

पहिल्याच दुपारी तिचा तळवा मुठीत आला आणि हातानं पंजा दाबला, मग वर चार बोटं.

वैजंता थबकली. दलालाची लेक, तिला भाषा नव्यानं शिकायची नव्हती. "अवो, ह्यानं माजा भाव केला."

बिरूला हसू आवरेना. हाताला माणूस आणि जनावर यांतला फरक शिकवायचा राहूनच गेला होता. गरम अंगाला शिवलं की भाव सांगायचा, एवढंच त्याला कळत होतं.

"किती म्हणतोय?"

"नऊ."

"लाख का हजार?"

"त्ये तुमी समजायचं. तुमच्या बैलापेक्षा कमी आसंल तर चहा बंद."

त्या दिवसापासून घरात नवाच खेळ सुरू झाला. तेलाची वाटी आली की वैजंता पदर हातांवर टाकायची, रुमालासारखा, आणि विचारायची, "बगू, आज काय बाजार हाय?" हात नऊ म्हणायचा. कधी सांगलीहून लेक यायची, तिचा भाव करून घ्यायचे. एकदा वैजंतानं शेजारणीचा करून घेतला, तो आठ निघाला, आणि त्या दिवशी ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती. एवढ्या वर्षांत बिरूनं तिला कधी बरं म्हटलं नव्हतं. आता त्याचा हात रोज म्हणत होता. तिनं हिशेब धरला असेल तर तो तिलाच ठाऊक.

दिवाळी झाली. एका दुपारी हातानं पंजा दाबला आणि वर तीनच बोटं.

"आठ?" वैजंता म्हणाली. "तुमचा हात झोपलाय."

काही दिवसांनी सात. मग एकदा सहा. वैजंता तेल चोळत राहिली, हसली नाही. बिरूकडं एकदा नीट बघितलं. ते बघणं बाजारातलं होतं: समोरचा आता काय म्हणतो, याची वाट बघणारं.

बिरू म्हणाला, "मणी जुनं झालं आसतील. पुण्याला दाखवाया पायजे."

हात दाखवायला पाहिजे म्हणाला. बायकोला दाखवायला पाहिजे असं नाही म्हणाला. ते त्याच्या मनात आलं नव्हतं असं मात्र नाही. गोठ्यात जाऊन त्यानं हात म्हशीवर ठेवला, वासरावर ठेवला. भाव चोख. लेक आली तेव्हा तिच्यावर ठेवला. नऊ. त्याला ती तुकतुकीत गाय आठवली आणि त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

आता इथं कुणीही शहाणा माणूस बायकोला घेऊन दवाखाना गाठेल. बिरू शहाणा होता, पण दलाल आधी होता. त्याच्या रक्तात एकच नेम होता: तोंडातून पडला की पडला. डॉक्टर काहीतरी आकडा उच्चारतील, मग तो आकडा खाली आणता येणार नाही, वर नेता येणार नाही. रुमालाखाली आहे तोवर भाव हलतो. आणि हलणारा भाव वर न्यायचा कसा, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

दुसऱ्या दुपारी तेलाच्या वेळी हातानं पंजा दाबला, वर एकही बोट नाही: पाच. त्या दाबण्यात करंगळी जराशी जास्त वाकली. बिरूनं डाव्या अंगठ्यानं कोपराचा फुगवटा दाबला. गोडाचा थेंब गेला. पुढच्या दाबात करंगळी पुन्हा वाकली. पुन्हा थेंब.

"सारखं कोपर काय चाचपताय?" वैजंतानं विचारलं.

"घामोळं आलंय."

नांगराला जुंपलेलं खोंड वळणावर आणावं तसं त्यानं हाताला आणलं. पाचाचे सहा झाले, सहाचे सात. हात आधी अडखळायचा. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, जसं काही चवीत आणि शाबासकीत त्याचं भांडण लागलं होतं. पण भांडणात रोज गोड मिळणारी बाजू जिंकते. मार्गशीर्ष सरता सरता वैजंताच्या तळव्यात पुन्हा पंजा आणि चार बोटं दाबली गेली.

"नऊ," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली. पदर काढून तिनं हातावरच्या तेलाचा ओघळ पुसला.

नंतर फोनवर ती लेकीला सांगत होती, "पाठ दुखती गं जरा, जेवान जात न्हाय. पर तुज्या बाचा हात नऊ म्हणतोय. मला काय हुतंय." बिरूनं ते ओसरीवरून ऐकलं. त्याला बरं वाटलं. ज्यानं स्वतः भाव चढवला त्यालाच तो भाव खरा वाटायला लागावा, हा बाजारातला सगळ्यांत जुना रोग. तो दलालाला होत नाही असं लोक समजतात.

इलाही एक दिवस चहाला आला. वैजंतानं कप ठेवला आणि आत गेली. इलाही कपाकडं न बघता तिच्या पाठीकडं बघत राहिला.

"वैनीचं डोळं पिवळं दिसत्यात. दाखवलंस का कुटं?"

"काय न्हाय. हात नऊ म्हणतोय."

इलाही कप तसाच ठेवून उठला. "चल जरा गोठ्यात."

त्याच्या गोठ्यात कोपऱ्यात एक मेंढा पडला होता. नाकातून शेंबूड वाहत होता, मान वर उचलत नव्हता. सकाळी खड्डा खणायला माणूस सांगून ठेवला होता.

"हात ठेव."

बिरूनं ठेवला. मग इलाहीनं आपला पंजा पुढं केला आणि खांद्यावरचा रुमाल वर टाकला.

पंजा दाबला गेला. मग चार बोटं, एकही न अडखळता.

इलाहीनं रुमाल काढला नाही. बिरूचा हात त्याच्या हातात तसाच होता. "अण्णा," तो हळू म्हणाला, "काय शिकीवलंस त्याला?"

हाताला मेंढा आणि वैजंता यांतला फरक पहिल्यापासून कळत नव्हता. आता जिता आणि मरता यांतलाही कळत नव्हता.

पुण्याच्या दवाखान्यात वैजंताच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. ती यकृतापर्यंत पोचली होती. बिरू त्या इमारतीतून चालत प्रयोगशाळेत गेला आणि डॉक्टर सबनीसांपुढं उभा राहिला. जे केलं ते सगळं त्यानं सांगितलं. ऑक्टोपस टाकीतच होता. त्याचा एक हात काचेवर फिरत होता, बाकीचं अंग झोपल्यासारखं.

"हाताला कळलं हुतं का, बाई? तवाच?"

"रोग नव्हता कळला," त्या म्हणाल्या. "घामात काहीतरी बदललं होतं, ते चवीला लागलं असणार. तेवढंच. त्याला काळजी वाटत नाही, काका. तो फक्त चाखतो." मग थांबून, "पहिल्यांदा उतरला तेव्हा आणलं असतं तर–" आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. टाकीकडं बघत राहिल्या.

बिरूनं ते वाक्य घरापर्यंत नेलं.

दवाखान्यानं औषधं दिली आणि घरी न्यायला सांगितलं. वैजंतानं ओसरीवर खाट टाकायला लावली. तिथून रस्ता दिसतो, येणारा जाणारा कळतो. बिरूनं हात काढून खुंटीला अडकवला आणि पुन्हा चढवला नाही. खुंटीवरही तो गप्प नव्हता. ऊन भिंतीवरून सरकून त्याच्यापर्यंत आलं, तापलं, की बोटं हवेत मिटायची: पंजा, मग चार.

एका दुपारी वैजंता त्याच्याकडं बघत होती.

"काय म्हणतोय त्यो?"

"काय न्हाय."

"नऊच म्हणत आसंल." ती हसली, हसताना तिला धाप लागली. "मला सहालाच कळलं हुतं. म्हटलं, उद्या म्हणतील, चल दवाखान्यात. तुमी म्हणाला न्हाय. मग पाच झालं. मग चढाया लागलं." तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "दोन बाजार मला खरं वाटलं बगा. वाटलं, बरी झाले. पर माज्या बाचा निम्मा जल्म बाजारात गेला. भाव उतरतो रोगानं आन् चढतो दलालानं."

बिरू खाटेच्या पायाशी बसला होता. मान खाली.

"आन् मार्गशीर्षात घामोळं येतं व्हय कुणाला?"

"वैजंते, मला वाटलं–"

"मला ठावं हाय काय वाटलं. मीबी कुटं इचारलं. इचारलं आसतं तर सांगाया लागलं आसतं तुमाला. मग कशाला इचारायचं? नऊ बरं वाटत हुतं." ती थोडी कुशीवर वळली. "चुकी दोगांची हाय. वाटून घ्या. तुमचा वाटा मोठा."

रस्त्यानं एक टेम्पो गेला, आत बांधलेल्या शेरडांचा आवाज मागं ठेवत. वैजंतानं पदर ओढून पोटावर घेतला आणि त्याखालून हात पुढं केला.

"द्या हात. आता तुमी सांगा. खरा."

"माज्याकडं डावाच हाय."

"डाव्याचा सौदा कोण धरत न्हाय," ती म्हणाली. "म्हणून तर. कुणी बांधला जात न्हाय. सांगा."

बिरूनं डावा हात पदराखाली घातला. तिचा तळवा हाती लागला. त्या हाताला कधी कुणी भाव शिकवला नव्हता. पेला धरणं, दावं ओढणं, शेंबूड पुसणं एवढीच त्याची कामं. तळवा कोरडा होता, तापलेला, आणि इतका हलका की जनावर असतं तर कुठल्याही दलालानं काय दाबलं असतं ते बिरूला माहीत होतं. त्यानं एक बोट धरलं. सोडलं. मग पूर्ण पंजा हातात घेतला.

ती डोळे मिटून वाट बघत होती. पंजा दाबला जाईल, मग वर किती बोटं, ते मोजायला.

पंजा दाबला गेला नाही. तो नुसता धरून ठेवलेला राहिला. भिंतीवर ऊन खुंटीपर्यंत आलं, तिथली बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पदराखालचा हात हलला नाही.

खूप वेळानं वैजंताला कळलं. तिनं डोळे उघडले.

"इकायचं न्हाय म्हणताय?"

बिरूनं पकड सोडली नाही.

"ते तुमी म्हणाल वो," ती म्हणाली आणि रस्त्याकडं बघू लागली. "घेणारा इचारून नेतो व्हय."